दामूशेठचे पाय

शेजारच्या कुंदावहिनींना लेकीच्या डोहाळजेवणासाठी झोपाळा घासायचा होता. फळी लाकडी, चौकट लोखंडी. सँडर, म्हणजे घासायचं मशीन, घ्यायला त्या निघाल्या. दुकानात मीही गेले, बोलावलं नव्हतं तरी.

हार्डवेअरवाले दामूशेठ गुरगुरले, "लाकडाला एक सँडर, लोखंडाला दुसरा. बायकांना कळायचं नाही ते! एकात भागतं हे पटवून द्या, निम्म्या भावात देतो."

दोन सँडर वहिनींना परवडणारे नव्हते. त्यांनी काउंटरखाली डोकावून पाहिलं. "शेठ, न्हाणीत रबरी चप्पल घालता, लग्नात कोल्हापुरी, हो ना?"

"अर्थात!"

"मग पायही बदलता का? मशीन तेच ठेवायचं, खालचा पॉलिशपेपर तेवढा बदलायचा."

शेठनी निम्मेच पैसे घेतले.

डोहाळजेवणाला तेही आले. मी आधी त्यांचे पाय पाहिले. तेच होते!