हरकत नाही

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावं नव्हती. लोक मात्र एकमेकांना नावं ठेवतच होते. अशाच एका गावात पाच पंच होते आणि गावाचं भलं करायची त्यांना फार हौस होती. लहानग्यांनो, आणि लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, हौस काही वाईट नव्हे. पण ही गोष्ट ऐकताना तुम्ही कपाळाला हात लावलात, तर मी दोष देणार नाही. सांगताना माझाही हात तिकडेच जातो.

या पंचांची एक रीत होती. गावकीचं कुठलंही काम निघालं की पंचांतले पाटील चावडीत बसून जागा सुचवायचे आणि एकेका पंचाला विचारायचे, "तुमची काही हरकत?" पाचही जण "हरकत नाही" म्हणाले, की नारळ फुटायचा. एकाचीही हरकत निघाली, की जागा पुढे सरकवायची. पुन्हा विचारायचं, पुन्हा सरकवायची. पाटील मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त भांडणाचा धसका होता, आणि या रीतीनं भांडण होत नसे.

काम होत असे का, ते आता ऐका.

वाटसरूंसाठी पाणपोई घालायची ठरली. मोठा रस्ता चावडीपुढच्या वडाखालून जायचा. येणारा-जाणारा तिथे टेकायचा, तेव्हा जागा उघड होती. पण चावडीला लागून आप्पांचं घर होतं. आप्पा म्हणजे पंचांतले सगळ्यात वजनदार गृहस्थ, बोलण्यानंही आणि बसण्यानंही. ते म्हणाले, "दुपारी बैलांच्या घुंगरांनी माझी झोपमोड होणार. हरकत आहे." जागा सरकली देवळाकडे. तिथे पंचांतलेच गुरव म्हणाले, "चिखल होईल, हरकत आहे." जागा आणखी सरकली. सरकत सरकत ती गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीशी पोहोचली. तिथे पाचही जणांनी एकमुखानं "हरकत नाही" म्हटलं. का नाही म्हणणार? खाणीकडे कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. पाण्याचे रांजण भरलेलेच राहिले आणि त्यांत बेडकांनी संसार थाटले.

धर्मशाळेचंही तेच. ती ओढ्यापलीकडच्या एका कड्यावर बांधली गेली. पंचांनी चावडीतच नारळ फोडला, पेढे वाटले आणि समाधानानं घरी गेले. तिथे पुढे कुणी मुक्कामाला आलं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ज्या कुंभारणीनं पाणपोईचे रांजण घडवले होते, तिच्या मात्र लक्षात आलं होतं. ती ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची. सगळा गाव तिला काकी म्हणायचा. एकदा ती खाणीजवळून गेली आणि आपले रांजण बघून तिथेच उभी राहिली. मग तडक चावडीत आली आणि म्हणाली, "पाटील, बेडकं पोसायची हुती तर तसं सांगायचं. मी बारकी गाडगी केली असती!"

पंच हसले. काकी हसली नाही. तिला हसायला सवड नव्हती, कारण तिच्या मनात दुसरंच काहीतरी घर करून बसलं होतं.

वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओढा होता. एरवी माणसं दगडादगडांवरून पाय टाकत ओलांडायची. पावसाळ्यात ओढा दोन्ही काठ भरून धावायचा आणि वाडी पलीकडे अडकून पडायची. मागच्या पावसाळ्यात काकीची सून बाळंत व्हायची होती. सुईण गावात होती. ती बिचारी निरोप मिळताच धावली, पण ओढ्यानं तिला अलीकडच्या काठावरच अडवलं. तिनं तिथून ओरडून सांगायचं आणि काकीनं पलीकडे करायचं, असं चाललं होतं. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू गेलं नाही. मुलगा झाला. तो रडलाच नाही.

आता सून पुन्हा गरोदर होती. दिवस भरणार होते ते पुन्हा पावसाळ्यातच. काकी रोज आभाळाकडे आणि सुनेच्या चालण्याकडे आळीपाळीनं बघायची. तिला एकच हवं होतं. पावसाआधी ओढ्यावर साकव हवा होता. साधा, लाकडाचा, सुईणीला पाय न भिजता येता येईल एवढा.

तिनं पंचांना सांगितलं. पंचांना काम फार आवडलं. "वा! साकव तर झालाच पाहिजे," पाटील म्हणाले. लाकूड आलं, सुतार आले, आणि मग जागा ठरवायला चावडी भरली. काकी पायरीवर बसून ऐकत होती.

"पायवाट उतरते तिथे बांधू," पाटलांनी सुचवलं. "तुमची काही हरकत?"

"आहे," आप्पा म्हणाले. "पायवाटेच्या तोंडाशी माझं खळं आहे. साकव झाला की सगळी वाडी माझ्या खळ्यातून जाईल."

"आत्ताबी तिथनंच जातीया की!" काकी पायरीवरून म्हणाली.

"काकी, पंच बोलताना मधे बोलू नये."

जागा पुढे सरकली. तिथे गुरवांची हरकत निघाली: वाडीतली गाढवं थेट देवळाच्या आवारात येतील. मग एकाच्या मळ्याचा बांध आडवा आला, दुसऱ्याचा गोठा आडवा आला. साकव ओढ्याच्या काठाकाठानं खाली चालला आणि काकीचा जीव त्याच्याबरोबर खाली खाली गेला.

शेवटी तिला राहवलं नाही. "आवो, माणसं जिथनं चालत्यात तिथं पूल लागतो. तुमी पुलालाच चालवाय लागलाय!"

"काकी, तुमचं आम्हाला कळतंय," पाटील अजिजीनं म्हणाले.

"कळतंय पर वळत न्हाई, त्येचं काय करू?"

पण नारळ फुटला. आता यावर काय बोलावं! साकव बांधला गेला तो पार खाली, जिथे पलीकडच्या काठावर सरळसोट कडा उभा होता. त्याच कड्यावर ती धर्मशाळा होती. साकव भक्कम होता, सुरेख होता, कठड्यांना नक्षीसुद्धा होती. अलीकडून त्याच्यावर चढावं, डौलात पलीकडे जावं आणि खडकावर नाक आपटून परत यावं. काकी बघायला गेली. तिनं कड्याला हात लावून पाहिला, जणू दार उघडेल. मग ती तिथेच मटकन बसली आणि पहिल्यांदाच रडली. रडून झाल्यावर मात्र ती पदर खोचून उठली आणि गप्प राहिली. तिला ओळखणाऱ्यांना हे गप्प राहणं पाहून धडकी भरली असती. पंच तिला तेवढं ओळखत नव्हते.

मृगाचं आभाळ भरून आलं त्या दिवशी चावडीत मोठा वाद रंगला होता. साकवावरून पहिलं पाऊल कुणी टाकायचं? आप्पा म्हणत होते, मान वयाचा. गुरव म्हणत होते, मान देवाचा. पाटील दोघांनाही हरकत आहे का विचारत होते, आणि दोघांनाही होती.

तेवढ्यात दारात काकी उभी राहिली. कमरेपर्यंत भिजलेली. तिच्या एका हाताशी सून होती, दुसऱ्या बाजूनं मुलानं बायकोला आधार दिला होता. मागून सुईण धापा टाकत येत होती.

"पाटील," काकी म्हणाली, "हिला कळा सुरू झाल्यात. वढा चढाय लागलाय. आमी कसंबसं अलीकडं आलो, आता माघारी जाता येत न्हाई. गावानं आजवर एकच गोष्ट नीट जागंवर बांधलीया, ती ही तुमची चावडी. ही हितंच बाळंत हुणार. कुनाची हरकत?"

चावडीत बाळंतपण! असं कधी कुणी ऐकलंही नव्हतं. पण तो प्रश्न पाटलांच्या इतका अंगवळणी पडला होता, की त्यांच्या तोंडून उत्तर आपोआप निघून गेलं. "हरकत नाही."

गुरवांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून तेही म्हणाले, "हरकत नाही." उरलेल्या दोघांनी री ओढली.

आप्पा तेवढे फुरफुरत उठले. "छे छे! गावाची चावडी म्हणजे काय बाळंतिणीची खोली आहे? माझी हरक..."

"बोला, आप्पा, बोला," काकी शांतपणे म्हणाली. "हरकत असंल तर रीतीपरमानं जागा फुडं सरकवू. फुडचं घर तुमचंच हाय. वसरी बी चांगली ऐसपैस हाय, रोज दुपारी बगते मी."

आप्पांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग ते हळूच बसले.

"हरकत नाही," ते म्हणाले.

"मग उठा की आता! का हितंच बसून बगनार हाय?"

पाचही पंच पावसात बाहेर पडले. वडाखाली भिजत उभे राहिले. बऱ्याच वेळानं चावडीतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, पंचांच्या कुठल्याही सभेपेक्षा मोठा. मुलगी झाली होती. काकीनं तिला उराशी धरलं आणि म्हणाली, "रड बाई, आणखी रड. ऐकू जाऊ दे सगळ्यास्नी."

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गंमत पुढेच आहे.

बाळंतीण सव्वा महिना हलवायची नाही, हा गावाचा नियम होता. गावकीची बैठक गावकीच्याच छपराखाली, हाही गावाचाच नियम. देवळाला बाळंतपणाचं सुवेर, म्हणजे विटाळ, चालत नाही आणि पंच तर चावडीतून उठून आलेले, तेव्हा गुरवांनी देवळाला हरकत घेतली. मोडायचा म्हटला तर छपराचा नियम मोडता आला असता, कुणाच्या तरी घरी बसता आलं असतं. पण प्रत्येकानं आपापल्या घराला हरकत घेतली. जागा सरकत सरकत, ओढा ओलांडून, त्या कड्यावरच्या धर्मशाळेत जाऊन थांबली. तिला कुणाचीच हरकत नव्हती.

मग काय विचारता! पंच साकवावरून पलीकडे गेले आणि कड्यापुढे उभे राहिले. पहिलं पाऊल टाकायचा मान कुणाचा, हे तिथे कुणीच काढलं नाही. झुडपं धरत, गुडघे फोडून घेत, एकमेकांना ढकलत ते वर चढले. आप्पा दोनदा घसरले. वर पोहोचले तेव्हा त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"पाणी," ते म्हणाले.

"पाणपोई आहे की," गुरव म्हणाले. "खाणीपाशी."

आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की गुरव दुसरीकडे बघू लागले.

पाटील मात्र धर्मशाळेच्या कट्ट्यावर उभे राहून खाली बघत होते. इतक्या उंचावरून त्यांनी आपलं गाव कधी पाहिलंच नव्हतं. वाडीतून निघालेली पायवाट त्यांना स्पष्ट दिसत होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी पांढरी पडलेली. ती सरळ ओढ्यापर्यंत येत होती. मध्ये गढूळ पाणी. आणि पलीकडे, बरोबर समोर, ती पुन्हा सुरू होऊन चावडीपर्यंत जात होती. तेवढाच तुकडा गाळलेला होता. एखाद्या लहान मुलानंसुद्धा बोट ठेवून सांगितलं असतं.

"आप्पा," पाटील म्हणाले, "जागा लोकांनी कधीच ठरवून ठेवली होती हो. आपण नुसत्या हरकती विचारत बसलो. अडचण कुणाची आहे, हे एकदाही विचारलं नाही."

आप्पा आपल्या सोललेल्या गुडघ्याकडे बघत होते. सव्वा महिन्यात त्यांनी तो गुडघा बरेचदा फोडून घेतला. माणसाला दुसऱ्याची वाट कळायला आपला गुडघा फुटावा लागतो, हे बरं नव्हे, पण तसंच घडलं खरं.

पाऊस ओसरल्यावर साकव उचलून पायवाटेवर आणला गेला. आप्पांच्या खळ्याचा कोपरा गेला. त्यांनी कुरकुर केली, पण हरकत घेतली नाही. पाणपोईही वडाखाली आली. बेडकांची तेवढी गैरसोय झाली.

पहिलं पाऊल काकीनं टाकावं, असं पाचही पंचांनी ठरवलं. पाटील हात जोडून म्हणाले, "या काकी, मान तुमचा. चुकलो आम्ही, पण झालं एकदाचं भलं."

काकी नातीला कडेवर घेऊन साकवावर चढली. लोकांनी हलगी वाजवली. मधोमध पोहोचल्यावर ती थांबली आणि खालच्या पाण्याकडे बघत राहिली. हलगी वाजायची बंद झाली.

"झालं भलं, पाटील," ती म्हणाली. "पर ह्यो पूल जरा लवकर जागंवर आला असता, तर आज एक माज्या कडंवर असतं आन एक बोट धरून चाललं असतं."

त्या दिवसापासून त्या चावडीत पहिला प्रश्न बदलला.

म्हणून सांगतो, गावाची सोय करायला बसाल तेव्हा आधी विचारा अडचण कुणाची, आणि मगच विचारा हरकत कुणाची.