वीसच अंश

यंत्रांनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. अकोल्यातल्या एका फोटो स्टुडिओत एक संगणक होता. त्याच्या डब्यात तिघं राहायचे: राबणारा प्रोसेसर, त्याचा ताप मोजणारा सेन्सर, आणि सेन्सर सांगेल तेवढ्याच वेगाने फिरणारा पंखा.

मे महिना, त्यात लग्नसराई. ढीगभर फोटो उजळता उजळता प्रोसेसर कासावीस झाला. "पंखेराव, जरा जोरात फिरा हो! अंगाची लाही लाही होतेय."

"किती ताप, सेन्सरभाऊ?" पंख्याने विचारलं.

"वीस अंश. सकाळीही वीसच होता," सेन्सर ठसक्यात म्हणाला.

"बघ! उगाच कांगावा करतोस," म्हणत पंखा रमतगमत फिरत राहिला.

प्रोसेसर तळमळला. "पंखेराव, बाहेरची हवा तुम्हीच आत ओढता ना? कशी आहे ती?"

"नुसती आग! भिंतीवरचा पारा चव्वेचाळीसला टेकलाय."

"मग त्याच हवेत राबणारा मी वीसवर कसा?"

पंखा चपापला. "अरे, खरंच की! सेन्सरभाऊ, पुन्हा नीट बघा."

तेवढ्यात पडदा काळा पडला. प्रोसेसरचा आवाज कायमचा बंद झाला. करपल्याच्या वासात पंखा शेवटची गिरकी घेऊन थांबला.

"बघितलं," अंधारातून सेन्सर म्हणाला. "वीसच."