पिराजीचा तिसरा खडा

एका गावात एक बारव होती. गावाचं नाव उंबरपाणी. या बारवेत उडी कशी घ्यावी यावरून गावात जितके वाद होत, तितके शेताच्या बांधावरूनही होत नसत. ज्याला पोहता येत नव्हतं, तो तर सगळ्यांत जास्त बोलायचा.

बारवेच्या काठावर जाखाईचं देऊळ होतं. जाखाईची जत्रा भरली की दुपारी उड्यांचा सामना व्हायचा. काठावरच्या दगडी कट्ट्यावरून झेप घ्यायची, हवेत कोलांट्या मारायच्या आणि हात पुढे करून पाण्यात शिरायचं. कोण किती कोलांट्या मारणार हे मात्र आदल्या दिवशीच ठरवावं लागे. तेही तोंडानं सांगून चालत नसे, कारण उंबरपाणीत तोंडाचा भरवसा कुणी धरत नव्हतं. ज्यानं त्यानं देवीपुढे आपलं विड्याचं पान ठेवायचं आणि त्यावर तितके खडे मांडायचे. दिवस मावळेपर्यंत खडा वाढवायला मुभा होती, पण एकदा मांडलेला खडा उचलायचा नाही. ज्यानं उचलला, त्याच्या नातवापर्यंत ‘भित्रा’ हे नाव चिकटायचं.

सामन्याचा निवाडा हरबातात्या करीत. तात्यांना दिसत नव्हतं. मांडल्या तितक्या कोलांट्या झाल्या की नाही हे पंच मोजत, आणि झाल्या असतील तर पुढचं काम तात्यांच्या कानांचं. ज्याच्या उडीनं पाण्याचा आवाज सर्वांत कमी, तो जिंकला. दोघांचा आवाज सारखाच आला तरच खडे मोजायचे. हा नियम गावात सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि म्हणूनच की काय, तो कुणाच्या ध्यानात नव्हता. जो तो आपला खडेच मोजत बसायचा.

याच गावात पिराजी राहत होता. पिराजीच्या दोन कोलांट्या अशा होत्या की तो पाण्यात कधी शिरला हे काठावरच्या बेडकालाही कळू नये. तिसरी कोलांटी मात्र पाचदा मारली तर एकदा साधायची. उरलेल्या चार वेळा तो पाठीवर पडायचा, नाहीतर पोटावर. तरीही गेली दोन वर्षं त्यानं तीनच खडे मांडले होते, कारण शेजारच्या पानावर तीन होते. पहिल्या वर्षी तो पाठीवर पडला. दुसऱ्या वर्षी पोटावर पडला, आणि आठवडाभर त्याला सदरा घालवेना.

यंदा तर गोष्ट गळ्याशी आली होती. ओळीनं तीन वर्षं ज्याची उडी फसेल त्यानं पुन्हा कट्ट्यावर चढायचं नाही, जत्रेला देवीचे नारळ फोडत बसायचं, अशी गावची रीत होती. नारळ फोडणाऱ्यांची ती रांग पिराजी लहानपणापासून बघत आला होता. सगळे एकेकाळचे नावाजलेले गडी. आता खोबऱ्याचे तुकडे करीत आपल्या जुन्या उड्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या गोष्टीतल्या कोलांट्या दरवर्षी एकेकीनं वाढायच्या. पिराजीला उडीवाचून जगणं ठाऊक नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला विचारलं, की दोन मांडू का तीन. अनसाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

“तुमच्या दोन कोलांट्या म्या डोळ्यांनी बघितल्यात,” ती म्हणाली. “तिसरीला म्या निस्ती शेकत आलेय.”

पिराजी देवळात गेला, दोन खडे मांडले आणि मोकळ्या मनानं दाढी करायला गेला. तिथंच घात झाला. न्हाव्यापुढे बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि हे गावकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. गावातल्या नावाजलेल्या केरबानं चार खडे मांडल्याची बातमी तिथं आधीच पोचली होती. सुताराच्या गणपानं तीन मांडले होते. एकानं पिराजीला विचारलं, की दोनच का, बारवेतलं पाणी आटलंय का. दुसरा म्हणाला, दोन तर आमची म्हैससुद्धा मारते. तिसऱ्यानं वेगळाच डाव टाकला. तो कळवळून म्हणाला, की पिराजीसारखा गडी पंचक्रोशीत नाही, त्यानं मनावर घेतलं तर तीन काय नि चार काय. निंदेला पिराजी पुरून उरला असता. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर कुणाचे पाय जमिनीला लागतात? अर्धी दाढी व्हायच्या आत त्याला तिसरी कोलांटी अगदी सोपी वाटू लागली होती.

दुपारी त्यानं बारवेच्या पायरीवरून एक गोलसर पांढरा खडा उचलला, मुठीत धरला आणि देवळात शिरला. गुरव जेवून आडवा झाला होता. पिराजी पानापर्यंत पोचतो न पोचतो तोच बाहेर पावलं वाजली. खडा वाढवायला बंदी नव्हती, पण आपण लोकांच्या बोलण्यानं आलोय हे लोकांना दिसायला नको म्हणून तो खांबाआड झाला.

आत आला केरबा. त्यानं गुरवाकडे पाहिलं, मग आपल्या चार खड्यांकडे पाहिलं आणि देवीपुढे मट्‌कन बसला. त्याचं गाऱ्हाणं असं होतं, की पिराजी यंदा चार मांडणार असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं, म्हणून त्यानं घाईघाईनं चार मांडले. आता बघतो तर पिराजीच्या पानावर दोनच. चार कोलांट्या त्यानं जन्मात कधी मारल्या नव्हत्या. त्याच्या आज्यानंही मारल्या नव्हत्या.

“आई जाखाई,” केरबा हात जोडून म्हणाला, “म्या खडा उचलला तर तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई. पर एखादा उंदीर धाड. उंदरानं नेला तर कोन काय म्हनंल?”

उंदीर आला नाही. आला तो सुताराचा गणपा. त्याची चाहूल लागताच केरबा उठून पळाला, तो नेमका पिराजीच्याच खांबाआड. दोघांची नाकं एकमेकांना लागली. केरबानं हळूच विचारलं, की तू इथं कशाला.

“देवदर्शनाला,” पिराजी म्हणाला.

“म्या बी,” केरबा म्हणाला.

तिकडे गणपानं गुडघे टेकले, गाल फुगवले आणि आपल्या तिसऱ्या खड्यावर फुंकर घालायला सुरुवात केली. हातानं उचलायचा नाही एवढंच रीत सांगत होती, फुंकरीबद्दल ती काही बोलत नव्हती. पण खडा वजनदार निघाला. आपण भारी गडी आहोत हे दिसावं म्हणून गणपानं सकाळी मुद्दाम मोठा निवडला होता. फुंकून फुंकून तो लालबुंद झाला, शेवटी धापा टाकत निघून गेला. त्याच्यामागून केरबाही पिराजीकडे न बघता सटकला.

पिराजी एकटाच उभा राहिला. त्याला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. सगळं गाव ज्यांच्या छातीचं कौतुक करीत होतं, ते दोघे त्याच्याहून जास्त भ्यालेले होते. केरबानं पिराजीकडे बघून खडे मांडले, गणपानं केरबाकडे बघून, आणि आता पिराजी त्या दोघांकडे बघून मांडायला निघाला होता. आपल्या अंगाला कुणीच विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. मुठीतला खडा त्यानं बाहेर नेऊन उचलला होता तिथंच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आधी केरबाची पाळी आली. त्यानं डोळे मिटून झेप घेतली. दोन कोलांट्या झाल्या, तिसरी अर्ध्यावर राहिली आणि पाटावर जेवायला बसावं तसा तो पाण्यावर बसला. पंचांच्या पागोट्यांतून पाणी ठिबकू लागलं. हरबातात्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, की बारवेत म्हैस कुणी सोडली. गणपानं कशाबशा तीन पुऱ्या केल्या, पण तो पाण्यावर असा आदळला की देवळातली कबुतरं उडाली. तात्या म्हणाले, पोतं पडलं. आणखी सहासात जण पडले. पंच बिचारे भिजून मागे सरकत गेले.

शेवटी पिराजी कट्ट्यावर चढला. दोनच खडे म्हणून मागून कुणीतरी खाकरलं. त्यानं ते ऐकलं, पण मान वळवली नाही. नारळवाल्यांची रांग समोरच बसली होती आणि त्यांच्या शेवटी एक पाट मोकळा ठेवलेला त्याला दिसला. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि झेप घेतली. एक कोलांटी. दुसरी. हात पुढे झाले आणि पाण्यानं त्याला आत घेतलं.

हरबातात्या कान देऊन बसले होते. थोडा वेळ गेला. मग ते शेजारच्या पंचाला म्हणाले, “उडी घ्यायची हुती न्हवं त्याला? का भ्याला?”

पंच म्हणाला, “तात्या, त्यो पान्यात जाऊन वर बी आला.”

तात्यांनी मान डोलावली आणि मानाचा फेटा मागवला. केरबा ओल्या अंगानं पुढे आला आणि तक्रार करू लागला, की दोन खड्यांच्या माणसाला फेटा कसा. तात्या शांतपणे म्हणाले, “मला खडं दिसत न्हाईत बाबा. मला पानी तेवढं ऐकू येतं.”

पिराजीच्या डोक्यावर फेटा बसला. अनसाबाईला त्या दिवशी काही शेकावं लागलं नाही, याचा तिला फेट्याहून जास्त आनंद झाला.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण उंबरपाणीची माणसं शहाणी होती. पुढच्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी देवीपुढे बारा पानं मांडली गेली आणि त्यांतल्या अकरा पानांवर दोन दोन खडे होते. ज्याला धड एक कोलांटी येत नव्हती त्यानंही दोन मांडले. गणपानं वर्षभर घाम गाळून तीन कोलांट्या चोख बसवल्या होत्या, तर त्यानंही दोनच मांडले. बारावं पान पिराजीचं होतं. त्यावर तीन खडे होते.

लोकांनी त्याला घेरलं. दोनानं जिंकलेला माणूस तीनावर जातो, अक्कल कुठं गहाण टाकलीस, असं ज्यानं त्यानं विचारलं. पिराजी वर्षभर रोज पहाटे बारवेवर येत होता, पण ते बघायला कुणी उठलं नव्हतं.

तो म्हणाला, “गेल्या वर्सी माझ्यापाशी दोनच हुत्या. आता तीन हायत.”

तात्पर्य: शेजाऱ्याच्या पानावरचे खडे मोजून आपली उडी ठरवू नये. अंगात असेल तेवढंच मांडावं, आणि जास्त मांडायची हौस असेल तर आधी ते अंगात आणावं.