दोन हजार पाचशे वीस मुंग्या

फार पूर्वी एका वारुळात दोन हजार पाचशे वीस मुंग्या राहायच्या. दोन-दोनच्या रांगा लावा, सात-सातच्या लावा, पार दहा-दहाच्या लावा, शेवटची रांग भरलेलीच! मुकादम मुंगीला त्याचा कोण अभिमान. फक्त म्हातारी साळूआक्का जुन्या गुळाच्या ढेपेची गोष्ट सांगत मागे रेंगाळायची.

“चल गं! तू एकटी नसलीस तर काय अडणार आहे?” मुकादम खेकसायची.

एका सकाळी आक्का उठलीच नाही.

मुकादमने जोड्या लावल्या. शेवटी एक जागा रिकामी. मग तिघी-तिघी, चौघी-चौघी, थेट दहा-दहापर्यंत लावून पाहिलं. दर वेळी शेवटच्या रांगेत नेमकी एकच जागा रिकामी.

मुकादम मुकाट्याने मागे आली आणि त्या जागेशेजारी सावकाश चालू लागली.

“आक्का,” ती हळूच म्हणाली, “त्या ढेपेचं काय सांगत होतीस?”