घागर ज्याची, जागा त्याची

टाकळगडाच्या महाराजांनी भरदरबारात धोंडू पखालीला विचारलं, "तुमच्या आगविझव्या मंडळाची शिकवणी माझ्या वाड्याच्या चौकात दोनदा झाली आणि दोन्ही वेळा फजिती झाली. आता तिसऱ्यांदा चौक कशाला देऊ?"

धोंडूनं मान खाली घातली. गावात कुडाची, गवताने शाकारलेली घरं. गेल्या उन्हाळ्यात एक अख्खी आळी जळून गेली होती. तेव्हापासून धोंडूनं पाच-सहा जण गोळा करून मंडळ काढलं. आग लागली तर पाणी कसं पोचवायचं, धुरात अडकलेल्या माणसाला कसं बाहेर काढायचं, हे ते लोकांना फुकट शिकवत. पण शिकायला कोण येणार, हे काही केल्या आधी कळेना.

पहिल्या खेपेला दवंडी पिटली आणि हात वर करणाऱ्याला घेतलं. हात सगळ्या गावानं वर केले, सकाळी आला फक्त गावचा वासुदेव, तोही चुकून. दुसऱ्या खेपेला दिवाणजींनी नावं लिहायला वेशीवर कारकून बसवला. दिवाणजींच्या मेहुण्या-पाहुण्यांच्या नावांनीच चौक भरला. ज्यांची घरं जळाली होती ती माणसं बाहेर राहिली, आणि मेहुणे-पाहुणे घरी झोपून राहिले.

"चौक हत्ती बांधायला द्यावा, महाराज," दिवाणजी म्हणाले.

महाराज हट्टी होते, आणि कोडी घालायची त्यांना भारी हौस. ते म्हणाले, "एक संधी देतो. शिकवणी परवा सकाळी. उद्या नावं घ्या. पण आलेल्या कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. चौकात मावतील त्याहून एकही माणूस जास्त होता कामा नये. आणि ज्यानं नाव दिलं तो आलाच पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी चौकात हत्ती."

धोंडूचा चेहरा उतरला. मागे त्याची मुलगी येसू उभी होती. ती वाड्यात पाणी भरायची. ज्या आळीची राख झाली त्या आळीत तिचंही सासर होतं. ती पुढे आली.

"जमेल, महाराज."

"कोण तू?"

"धोंडूची येसू. आजच दवंडी द्या. ज्याला शिकायचंय त्यानं घरातली रोजच्या वापरातली घागर स्वतः उचलून, नदीवर भरून आणायची आणि चौकात ठेवायची. जिथं घागर, तिथं परवा त्यानं उभं राहायचं. घागर शिकवणी झाल्यावर परत."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येईल, महाराज. घरात घागर नसली की त्याची बायकोच त्याला पहाटे उठवून पाठवील."

महाराजांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोक येऊ लागले. येसू प्रत्येकाला हातभर अंतर सोडून घागर ठेवायला लावी. ज्यांना नुसती हौस होती ते भरलेली घागर उचलायच्या विचारानंच घरी थांबले.

दुपारी दिवाणजींची बैलगाडी आली. गाडीत चकचकीत घागरींची चळत. गाडीवान म्हणाला, "ही दिवाणजींच्या पाहुण्यांची नावं."

येसूनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "ज्यानं घागर आणली त्याची नोंद. दोघांचीही झाली. उद्या यांना वेळेवर पाठवा."

चौकातली माणसं खो खो हसली. गाडी आली तशी परत गेली.

संध्याकाळी चौक भरला. उशिरा आलेल्या एका तांबटानं विचारलं, "मी कुठं ठेवू?"

"जिथं मोकळं दिसेल तिथं."

त्यानं सगळीकडे पाहिलं. मोकळं कुठंच नव्हतं. त्यानं घागर दरवाजाबाहेर भिंतीला टेकवली. येसू म्हणाली, "छान. पुढच्या शिकवणीतली पहिली जागा तुमची." त्याच्यामागून आलेल्यांनी आपापल्या घागरी त्याच ओळीत लावल्या.

तिसऱ्या दिवशी उजाडताच प्रत्येक घागरीपाशी तिचा धनी हजर होता. काही जणांच्या बायका दरवाजापर्यंत सोबत आल्या होत्या. चौकाच्या मधोमध धोंडूनं घागरी येण्याआधीच जाळायला म्हणून गवताची एक खोपी उभारली होती.

तेवढ्यात गलका झाला. महाराज स्वतः नदीवरून येत होते. डोक्यावर भरलेली घागर, अंगरखा ओलाचिंब, मागे घाबरलेले दिवाणजी.

"येसू," महाराज धापा टाकत म्हणाले, "घागर मीच भरली, मीच आणली. मला पुढची शिकवणी नको, आजचीच हवी. आता 'नाही' म्हण, किंवा चौकात माणूस वाढव. काय करतेस?"

धोंडूनं डोळे मिटले. येसूनं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा खोपीकडे.

"या ना, महाराज. एक जागा मी कुणाला दिलीच नाही. आग विझवणारे सगळे बाहेर उभे आहेत, पण ज्याला वाचवायचं तो माणूस आत लागतो. ती खोपी रिकामी आहे."

महाराज इतके हसले, की घागरीतलं उरलंसुरलं पाणीही अंगावर सांडलं. हसत हसतच ते वाकून खोपीत शिरले.

धोंडूनं गवताला काडी लावली. घागरी हातोहात पुढे सरकल्या. आग विझली आणि दोन धिप्पाड कोष्ट्यांनी महाराजांना खांद्यावर टाकून बाहेर काढलं. धुरानं काळवंडलेले महाराज खांद्यावरूनच खोकत म्हणाले, "हा चौक आजपासून मंडळाचा. जळालेल्या आळीतली घरं दरबार बांधून देईल. मंडळाची प्रमुख येसू."

मग त्यांनी मान वळवून दिवाणजींना शोधलं.

"आणि दिवाणजी, पुढच्या शिकवणीला आतली जागा तुमची."