येसूकड्याची भाऊबीज

हा समोरचा कडा म्हणजे येसूकडा. खाली दरी, दरीत ओढा आणि ओढ्यापलीकडं बाजरीची रानं. इथून कुणी येसू पडली म्हणून हे नाव, असं पाहुण्यांना वाटतं. तसं नाही.

फार जुनी गोष्ट. विमान हा शब्द तेव्हा गावानं कीर्तनातच ऐकलेला. येसू आणि तातोबा ही सुताराघरची भावंडं. घार पंख न हलवता वर कशी चढते, याचं येसूला लहानपणापासून वेड. तातोबाच्या हातात कसब. दोघांनी वेळूच्या कामट्या वाकवून त्यांवर मांजरपाट ताणला, चिंचोक्याची खळ चढवली आणि दोन पंखांचं विमान उभं केलं, असं सांगतात.

पहिल्यांदा तातोबा उडायला गेला. माळावरच आपटला आणि पायानं अधू झाला. आई पंख चुलीत घालायला निघाली. येसूनं तिच्याकडून भाऊबीजेपर्यंतची मुदत मागून घेतली म्हणे. भावानं वारा पाठीवर घेतला होता. घार तर वाऱ्याला तोंड देऊन चढते, हे येसूनं हेरलं होतं.

भाऊबीजेला तिनं तातोबाला ओवाळलं. तो ताटात खण ठेवू लागला, तसा तिनं त्याचा हात धरला आणि आता मला उडू दे म्हणाली.

"तुला काही झालं तर आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

"तू पडलास तेव्हा मीच सांगितलं होतं ना?"

तातोबानं खण बाजूला ठेवला आणि कुबडी घेऊन उठला.

दुपारी दरीतून वारा वर चढू लागला. कड्याच्या माथ्यावर तातोबानं कुबडी टाकून विमानाचं शेपूट धरलं. येसूनं पंख उचलले. मागं फिरायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तेवढ्यात मागून भावानं, गाडी जुंपल्यावर विचारावं तसं विचारलं, "कुठं जायचंय?"

"ओढ्यापलीकडं," ती म्हणाली आणि धावत सुटली.

गुराख्यांनी वर बघून हात जोडले म्हणे. येसू ओढा ओलांडून कापलेल्या रानात उतरली. गुडघे फुटले, एक पंख मोडला. आई ओढ्यातून धावत गेली, आधी दोन धपाटे घातले, मग पोटाशी धरून रडली. मोडका पंख मात्र तिनंच डोक्यावर घेऊन घरी आणला.

आजही या गावात भाऊबीजेला ओवाळणी टाकण्याआधी भाऊ बहिणीला विचारतो, "कुठं जायचंय?" ती सांगेल त्याला नाही म्हणायची रीत नाही. यंदा गुरवांच्या धाकटीनं जहाजावर नोकरीला जायचंय म्हणून सांगितलं. भाऊ तिची पेटी उचलून बंदरापर्यंत सोडून आला.