धुनीच्या खोलीचं कवाड

"मग माझं चुकलं काय, ते तरी सांगा ना बाबा!"

काशीरामचा आवाज चढला होता. मठाच्या अंगणात सात-आठ म्हातारी माणसं कुडकुडत उभी होती. ऊन नावालाच होतं. धुंडीबाबांनी या सगळ्यांना आत्ताच धुनीच्या खोलीतून हाताला धरून बाहेर काढलं होतं. पडवीची ताडपत्री ओढून फाडली होती. आणि काशीरामचा चालता जनरेटर सगळ्यांदेखत बंद केला होता.

डोंगरावरची वीज जाऊन तीन दिवस झाले होते. भाना आजांना दमा. त्यांना वाफ द्यायचं यंत्र विजेवरचं. काशीरामने खालच्या गावातून जनरेटर पाठीवर आणला. पण बाहेरच्या थंडीत दोरी ओढून ओढून तो सुरू होईना. म्हणून त्याने तो पडवीत घेतला आणि पडवी ताडपत्रीने बंद केली. पडवीला लागूनच धुनीची खोली. तिला कवाड नव्हतं.

"चार वर्षं वायरमनचं काम केलंय मी," तो म्हणाला. "मला शिकवता?"

"जनरेटर कुठं ठेवायचा असतो?"

"उघड्यावर. दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब. धुराचं तोंड माणसांकडं नको." त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. "पाठ आहे मला!"

"मग?"

"थंडी होती, बाबा! नियम लिहिणारे इथं येऊन राहिलेत का? ही माणसं गारठून गेली असती."

"पोरगं खरं बोलतंय," भाना आजा घोंगडीतून पुटपुटले. "आत काय ऊब होती! डोळे नुसते मिटत होते."

"माझं डोकं तेवढं जड झालंय," गोजराबाई म्हणाल्या. "वयच झालं, दुसरं काय."

बाबांनी दोघांकडे पाहिलं, मग फाटक्या ताडपत्रीतून अजून बाहेर पडणाऱ्या धुराकडे.

त्यांनी जनरेटर उचलला. अंगणाच्या पार टोकाला, धुराचं तोंड दरीकडे करून ठेवला. दोरी ओढू लागले. अकराव्यांदा तो धडधडला.

काशीरामला ते जास्तच झोंबलं. त्याने पिशवी खांद्याला अडकवली.

"मी चाललो. इथं मायेला किंमत नाही. मठातून कुणाला बाहेर काढायचं नाही, म्हणून धुनीच्या खोलीला कवाड नाही म्हणे! आणि तुम्ही आजाऱ्याला थंडीत काढता!"

"असं लोक सांगतात."

"मग का नाही कवाड?"

बाबा चौकटीपाशी गेले. लाकडात एक गंजकी बिजागरी अजून अडकलेली होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"होतं. माझ्या गुरूंना थंडी फार बाधायची. एका हिवाळ्यात मी धुनी चांगली पेटवली, कवाड लावलं, फटींत चिंध्या कोंबल्या..."

काशीरामच्या खांद्यावरून पिशवी घसरली.

"मग?"

"त्यांना पुन्हा थंडी वाजली नाही."